लाटणारीच मालकीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आजच्या उद्योगसंस्थांतील नेतृत्व व कारभाराचे प्रश्न’ असा भारदस्त विषय छापून टाकला आहे. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली झाले, आणि त्याचे प्रशस्तिपत्रक कोणी देत नाही. तेव्हा मोठमोठ्या कारखान्यांविषयी माझ्याकडून काही ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र एक उद्योग असा आहे की, ज्याचा माल आपणां सर्वांच्या पानात कधी ना कधी डाव्या बाजूस वाढलेला आहे. तो म्हणजे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. गेले दोन महिने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचले. वाचनालयातून मासिके आणली, जे फोनवर होते ते मुलीकडून वाचून घेतले. त्यातले जे मला पटले आणि जे आपल्या उपयोगी पडेल, तेवढेच सांगणार आहे.

उपयोगाचे म्हणण्याचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या एका व्यापाऱ्याचे पत्र आपल्या मंडळाकडे येऊन पडले आहे, आणि येत्या रविवारच्या सभेत त्याला काय उत्तर द्यावयाचे ते ठरवायचे आहे. ज्या शेजारणी आज प्रथमच आल्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या मंडळाच्या बावीस जणी मिळून महिन्याला साधारण १२० किलो उडदाचे पापड करतात. हे गृहस्थ दरमहा ४०० किलो घ्यावयास तयार आहेत. त्यांच्या अटी तीन आहेत. पैसे माल पोचल्यावर साठ दिवसांनी मिळतील. त्यांचा एक माणूस येथे बसून माल पाहील आणि कोणी किती लाटायचे ते सांगेल. आणि लाटणावळीचे दोन दर राहतील, चांगल्या हाताच्या बायकांना एक व बाकीच्यांना दुसरा. पत्राच्या शेवटी त्यांनी मोठ्या सौजन्याने लिहिले आहे की, त्यामुळे तुम्हा भगिनींना कारभाराची दगदग राहणार नाही.

हे वाक्य वाचल्यापासून माझे डोके त्यातच अडकले आहे. कारभाराची दगदग म्हणजे नेमके काय, आणि ती आपण दुसऱ्याकडे दिली तर तिच्याबरोबर आणखी काय काय जाते, हे पाहावे म्हणून मी लिज्जतच्या गोष्टीकडे वळले.

ही गोष्ट मुंबईची, गिरगावातली. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटावयास बसल्या. गुजराती बोलणाऱ्या, बेताच्या परिस्थितीतल्या, फारशा शिकलेल्या नाहीत, घरची कामे आटोपून दुपारच्या मोकळ्या वेळात चार पैसे मिळावेत एवढीच इच्छा. त्यांत एक होत्या जसवंतीबेन पोपट. भांडवल होते ८० रुपये, आणि तेही उसने घेतलेले. छगनलाल करमसी पारेख म्हणून एक समाजसेवक होते, सर्वजण त्यांना छगनबापा म्हणत, त्यांनी ते दिले. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतले. चार पाकिटे! आपल्याकडे पाहुणे यायचे असले तर आपण एका दुपारी तेवढे सहज लाटून ठेवतो.

पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपयांची. जे पापड तुटत ते शेजारीपाजारी वाटून टाकीत. पावसाळा आला तेव्हा वाळवणार कोठे, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी काय केले, तर एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. झाले, पावसाळ्यातही काम सुरू! मला हा स्टोव्ह फार आवडला. यंत्रे आणा, कर्ज काढा, असे कोणी म्हटले नाही. अडचण जेवढी होती, तेवढाच उपाय त्यांनी केला.

छगनबापांनी सुरुवातीला दोन गोष्टी सांगितल्या असे वाचावयास मिळते. बायकांच्या मनात दोन प्रकारचे पापड करावे असे होते, एक उत्तम आणि एक थोडा कमी प्रतीचा, स्वस्त विकता येईल असा. बापा म्हणाले, उत्तम तेवढाच करा, आणि प्रतीशी कधीही तडजोड करू नका. दुसरी गोष्ट, हा धर्मादाय नव्हे, धंदा आहे, तेव्हा हिशेब चोख ठेवा. त्या बायकांनी मग असेही ठरविले की, तोटा आला तरी देणगी मागावयास कोणाच्या दारी जावयाचे नाही. आपल्याकडे मंडळ म्हटले की पहिली आठवण पावतीपुस्तकाची होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. सात बायकांचा कारभार कोणीही करील. एक गच्ची, एक पातेले, सर्वजणी डोळ्यांसमोर. दुसऱ्या वर्षी शंभरावर बायका झाल्या आणि तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. गच्ची पुरेना. येथे बहुतेक धंदे काय करतात? एक मोठी जागा घेतात, दारावर घड्याळ लावतात, मुकादम नेमतात. लिज्जतच्या बायकांनी उलट केले. पीठ एका जागी मळायचे आणि मळलेले पीठ सदस्य बायकांनी आपापल्या घरी न्यायचे, घरी लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. म्हणजे कारखाना बायकांच्या घरी गेला. लेकरू पाळण्यात, सासरे अंथरुणावर, तरी जिला काम करायचे तिला करता येऊ लागले.

ही सोय दिसते तेवढी सोपी नाही. शंभर घरांत शंभर पोळपाट, शंभर हात, शंभर स्वभाव. एका घरी उन्हाची गॅलरी, दुसऱ्या घरी ओल. एक पापड कागदासारखा आणि दुसरा थालीपिठासारखा झाला, तर दुकानदार दोन्ही परत पाठवील. मग त्यांनी असे केले की, जे एकसारखे ठेवता येते ते सर्व एका हाती ठेवले. डाळ एकत्र खरेदी करावयाची, पीठ व मसाला सर्व शाखांना मध्यवर्ती पुरवठ्यातून द्यावयाचा, म्हणजे चवीत फरक पडत नाही. मळणे पहाटे शाखेत. बायकांना आणावयास गाड्या जातात, त्या आदल्या दिवशीचे पापड देतात, त्यांचे पैसे घेतात, नवे पीठ घेतात आणि घरी परततात. जिच्या घरी पापड वाळवण्यास स्वच्छ व पुरेशी जागा नाही, तिला लाटण्याऐवजी मळणे, पाकिटे भरणे, माल तपासणे अशी कामे मिळतात. जागा नाही म्हणून बाईला परत पाठवीत नाहीत, तिचे काम बदलतात. हा भेद नीट ध्यानात घ्या.

आणि लाटणे अजून हातानेच. यंत्र आणले असते तर माल वाढला असता, पण मग एवढ्या बायकांनी करायचे काय? काही लोक याला जुनाटपणा म्हणतात. माझे मत असे की, संस्था कशासाठी काढली ते रोज सकाळी आठवावे लागते. पापडासाठी बायका की बायकांसाठी पापड, हे एकदा ठरले की यंत्राचे उत्तर आपोआप मिळते.

मालकी कोणाची? जी लाटते तिची. तेथे कोणाला कामगार म्हणत नाहीत, प्रत्येकीच्या नावापुढे ‘बेन’ म्हणजे बहीण लावतात, आणि सदस्य फक्त बाईच होऊ शकते. पुरुष हिशेबनीस असतील, वाहनचालक असतील, परंतु पगारी. (आमच्या घरी हे वाचून दाखविले तेव्हा ‘ह्यांनी’ वर्तमानपत्र थोडे उंच धरले, एवढेच.) प्रत्येकीची लाटणावळ, त्याला तेथे वणाई म्हणतात, जेवढे लाटाल तेवढी. परंतु नफा उरला की तो सारखा वाटायचा. जुनी बाई, नवी बाई, मळणारी, लाटणारी, पाकिटे भरणारी, सर्वांना सारखा. काही वेळा तर हा वाटा सोन्याच्या नाण्यांच्या रूपाने दिला गेला. तोटा आला तर तोही सर्वांचा. वरचे कार्यकारी मंडळ एकवीस जणींचे, सदस्यांतूनच आलेल्या बायकांचे, आणि निर्णय एकमताने. एकीने जरी हरकत घेतली तरी गोष्ट अडते. आपल्याला वाटेल, अशाने काम कधी व्हायचे? आपल्या मंडळात तर सहलीला कोठे जायचे ते ठरता ठरता चैत्राचा वैशाख होतो. पण ज्यांनी मान डोलावून होकार दिला त्या मागाहून कुरकुर करीत नाहीत, हाही लाभ लहान नाही.

त्यांचे सगळेच सुरळीत झाले असे मात्र समजू नका. १९६१ साली मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. पुढे आगपेट्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असे उद्योग करून पाहिले, तेही जमले नाहीत आणि बंद केले. खाकरा, मसाले, बेकरी मात्र टिकले. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली आले. त्याकरिता स्पर्धा लावली होती, आणि धीरजबेन रूपारेल या सदस्य बाईला पाच रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या वर्षी विक्री १ लाख ८२ हजारांपर्यंत गेली. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. पुढचा विस्तार तुम्ही जाणता. २०१९ च्या सुमारास वार्षिक उलाढाल सोळाशे कोटी रुपयांच्या वर आणि सदस्य बायका ४५ हजारांच्या आसपास, असे आकडे प्रसिद्ध झाले. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

आता मला ज्या गोष्टीवर थांबायचे आहे तिच्याकडे येते. नेतृत्व म्हणजे पुढे उभे राहून भाषण करणे नव्हे. ते आज मी करीतच आहे आणि त्याला काही लागत नाही, हे तुम्हाला दिसतेच आहे. मला वाटते, बायकांच्या संस्थेत सर्वांत अवघड काम कोणते असेल, तर ओळखीच्या बाईचा माल परत करणे. लिज्जतमध्ये शाखेची एक संचालिका असते. रोज सकाळी शेकडो बायका पापड आणतात आणि तिला ते तपासून घ्यावयाचे असतात. वजन बरोबर आहे का, जाडी सारखी आहे का, ओल राहिली आहे का. वरून संस्थेतर्फे घरोघरी अचानक भेटीही होतात. ज्या बाईचा माल परत करायचा ती नोकर नाही. ती मालकीण आहे, संचालिकेच्या बरोबरीची. तिला ‘उद्यापासून येऊ नका’ असे म्हणता येत नाही, आणि ‘असू द्या हो’ असेही म्हणता येत नाही. दुकानातल्या गिऱ्हाईकाला आपल्या नात्यागोत्याशी काय कर्तव्य? त्याला पापड कुरकुरीत हवा असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी माल तपासण्याचे काम आपण माझ्याकडे दिले. त्या वर्षीच्या डिसेंबरात आपल्या आळीतील एका काकूंचे तीन किलो पापड मी परत केले. नाव घेत नाही, पण निम्म्या जणींना ठाऊक आहे. या काकूंनी मला नवी नवरी असताना चकलीची भाजणी शिकविली, माझ्या थोरल्याच्या वेळी बाळंतिणीचे डिंकाचे लाडू करून पाठविले. त्यांचे पापड मधे जाड आणि कडेला पातळ आले होते, आणि खालच्या थरात ओल होती. तशीच पाकिटे भरली असती तर आठ दिवसांत बुरशी आली असती. मी त्यांच्या घरी गेले, डबा पुढे ठेवला आणि म्हटले, “काकू, हे वाळले नाहीत.” त्या म्हणाल्या, “तुझ्या जन्माच्या आधीपासून मी पापड लाटते आहे.” यावर काय उत्तर होते? मी गप्प बसले. डबा तेथेच ठेवून आले.

त्यानंतर महिनाभर त्यांच्या घरून कोणी पीठ न्यावयास आले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या, तिळगूळ हातावर ठेवला, बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून डबा घेऊन दारात. तेव्हापासून त्या घरचा माल उत्तम येतो. काकू माझ्याशी अजूनही कामापुरतेच बोलतात. आता सांगा, पुण्याच्या व्यापाऱ्याचा माणूस येथे बसला असता तर हे दुःख मला झाले नसते. त्याने डबा परत केला असता, पैसे कापले असते, मोकळा झाला असता. पण काकूंची सून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली असती का? परक्याने डबा परत केला तर अपमान होतो. आपल्यातल्या बाईने केला तर राग येतो, आणि राग केव्हा तरी उतरतो.

मुलगी कॉमर्सला आहे. तिच्या पुस्तकात हेन्री फेयोल म्हणून एका फ्रेंच गृहस्थाचे नाव आहे. खाणींच्या मोठ्या कंपनीचा कारभार त्याने वर्षानुवर्षे पाहिला आणि १९१६ साली कारभाराची चौदा तत्त्वे लिहून काढली. त्यांतले एक असे की, एका माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. मी तिला म्हटले, हे सांगायला फ्रान्सला कशाला जायला हवे? एका सुनेला दोन सासवा असल्या की पोळी करपते, हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक आहे. आपल्या मंडळाचा घोटाळा मात्र येथेच होतो. चिटणीसबाई सांगतात पाकीट अर्ध्या किलोचे, खजिनदारबाई सांगतात पाव किलोचे खपते, आणि कोपऱ्यावरच्या वहिनी त्यांच्या बहिणीच्या सांगण्यावरून दोनशे ग्रॅमचे भरतात. एकमत ठरविण्याच्या वेळी हवे. एकदा ठरल्यावर सांगणारी एकच हवी, मग ती वयाने लहान का असेना. लिज्जतच्या सदस्य बायका संस्थेचे नियम पाळण्याची प्रतिज्ञा घेतात. आपल्याकडे प्रतिज्ञा नको, पाकिटाचे वजन तेवढे फळ्यावर लिहून ठेवू.

मुंबईच्या डबेवाल्यांचे आपण सर्वांनी ऐकले आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेले ते काम. मावळ, जुन्नर, खेडकडची माणसे, बहुतेक थोडे शिकलेली. त्यांच्या प्रत्येक टोळीला मुकादम असतो, पण तो खुर्चीवर बसणारा नव्हे. कोणी आजारी पडला तर तो स्वतः डबे उचलतो, भांडण मिटवितो, गिऱ्हाईक सांभाळतो. आणि टोळीची कमाई सगळ्यांत सारखी वाटली जाते. पुढारी कसा असावा, याचे उत्तर मला या मुकादमात दिसले. त्याला काम येते, म्हणून त्याचे ऐकतात.

पत्रातल्या दुसऱ्या अटीविषयी हे झाले. आता पैशाचे बोलू, कारण खरी मेख तेथे आहे. लिज्जतमध्ये लाटणारीला रोजच्या रोज पैसे मिळतात. ते शक्य का होते? कारण ते आपल्या विक्रेत्यांकडूनही माल देताना रोख घेतात. उधारी नाही. आम्ही आमच्या बहिणींना रोज देतो, तेव्हा तुम्ही आम्हाला रोज द्या, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. आता आपले पाहा. ४०० किलोला डाळ, पापडखार, मिरी, हिंग धरले तर महिन्याला साठ हजारांच्या आत भागत नाही, असे खजिनदारबाईंनी काढले आहे. साठ दिवस थांबायचे म्हणजे सव्वा लाख नुसते डाळीत अडकले. त्यात बावीस जणींची दोन महिन्यांची लाटणावळ वेगळी. मंडळाची शिल्लक आहे ३८ हजार. बाकीचे कोण घालणार? व्यापारी म्हणतील, मी आगाऊ देतो. मग डाळही त्यांच्याच दुकानची घ्यावी लागेल, आणि भावही तेच सांगतील. चार महिन्यांत आपण आपल्याच घरी बसून त्यांच्या नोकर होऊ, आणि पाटी मात्र मंडळाची राहील.

दोन दरांविषयी माझे मन स्पष्ट आहे. आपल्यात तीन-चार जणींचा हात खरोखर दैवी आहे. त्यांना जास्त मिळावे असे वाटणे गैर नाही. त्या तासाभरात दुप्पट लाटतात, म्हणजे किलोच्या हिशेबाने त्यांना दुप्पट मिळतेच. पण त्याच किलोला दोन दर लागले, की ज्यांना कमी मिळते त्या कमी प्रतीचे लाटू लागतील. जिला कमी दर, तिने मन लावून का लाटावे? छगनबापांनी कमी प्रतीचा दुसरा पापड करू दिला नाही, तो याचसाठी असावा असे मला वाटते.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर म्हणाल की हिने एकच डाव मांडला. आपल्यात अशा बहिणी आहेत की ज्यांच्या घरी या पापडाच्या पैशावर शाळेची फी भरली जाते. एकीच्या यजमानांची नोकरी गेल्या पावसाळ्यात गेली. तिने मला जिन्यात गाठून विचारले, “तुमचे तत्त्व बरोबर आहे हो, पण मला महिन्याला चार हजार जास्त मिळत असतील तर मी का नको म्हणू?” तिला देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ त्या वेळी नव्हते. ज्या बाईच्या घरी फोडणीला तेल नाही तिला लिज्जतची गोष्ट सांगून पोट भरत नाही. लाटणावळीवर सगळा संसार निभावणे लिज्जतमध्येसुद्धा सोपे नसणार. म्हणून पत्राला नुसता नकार लिहून पाठवावा, असे मी म्हणणार नाही.

माझे म्हणणे असे आहे की, त्यांना आपल्या अटी लिहाव्यात. ४०० नव्हे, २०० किलो देऊ. १२० वरून २०० हा पल्ला बावीस हातांना झेपेल, आणि तीन-चार नव्या बायका घेतल्या तर सुखाने झेपेल. ज्यांना जास्त गरज आहे त्यांना जास्तीचे पीठ आधी द्यावे. पैसे माल उचलताना. तपासणी आपलीच, पण ती एकटीवर नको. दोघीदोघींची जोडी, दर तीन महिन्यांनी बदलणारी. म्हणजे आज जिचा माल परत गेला ती उद्या काट्यापाशी बसेल, आणि ओला पापड हातात घेऊन ‘चालेल’ म्हणणे किती अवघड असते ते तिलाही कळेल. दर एकच. हिशेबाची वही दर शनिवारी टेबलावर उघडी, जिला पाहायची तिने पाहावी. त्यांना मान्य झाले तर आनंद, नाही झाले तर त्यांचा पापडाचा शोध चालू राहील आणि आपली १२० किलोची गिऱ्हाइके आहेत तेथे आहेतच.

तुमच्यापैकी काहींचे मत वेगळे असणार, हे मी जाणून आहे. सुशिक्षित सुना आहेत, त्यांना कदाचित बँकेतून कर्ज घेऊन पूर्ण ४०० किलो करावे असे वाटेल, आणि त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का असेल. तो त्यांनी कागदावर मांडून आणावा. मी चष्मा लावून वाचीन.

रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा आहे. खजिनदारबाई गेल्या तीन वर्षांच्या वह्या घेऊन येणार आहेत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी आधी निरोप द्यावा, म्हणजे सभा खाली अंगणात घेऊ. आणि जिन्यात मला प्रश्न विचारणाऱ्या बहिणीने अवश्य यावे. अध्यक्षीणबाईंची घंटा मघाशीच वाजली होती, ती मी ऐकली नाही असे दाखविले. आता मात्र आपली रजा घेते.